जॅझ आणि ऑर्केस्ट्रा एकत्र बसत नाहीत? या चुका टाळा

प्रेमकथेची शॉर्टफिल्म आहे, दिग्दर्शकाला 'जुना जॅझ हवा आणि मागे भरपूर व्हायोलिन'. बहुतेक जण दोन्हींच्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) उघडतात, ट्रॅकवर ट्रॅक चढवतात आणि मग रात्र-रात्र ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायची बटणं) फिरवत बसतात. तरी ते एकजीव होत नाही. याचं मूळ बहुतेकदा अरेंजमेंटमध्ये असतं: कोणी कधी गप्प बसायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं.

सगळ्यांना झुलवणं

ट्रम्पेटची ओळ कॉपी करून व्हायोलिन सेक्शनला चिकटवली की व्हायोलिन लंगडायला लागतात. स्विंग (सुरांच्या जोडीत पहिला लांब, दुसरा आखूड अशी जॅझची झुलती लय) सांभाळायला ड्रम्स, बास आणि सोलो वाजवणारा पुरेसे आहेत. स्ट्रिंग्जना (व्हायोलिन, चेलो वगैरे) लांब सूर द्या, बो (गज) सावकाश फिरू द्या.

संगीतकार जेरी गोल्डस्मिथचं 'चायनाटाऊन' या हॉलिवूडपटाचं (१९७४) पार्श्वसंगीत कान देऊन ऐका. १९३० च्या दशकातलं लॉस एंजेलिस उभं करायला त्याने बिग बँड बोलावला नाही. एक ट्रम्पेट, स्ट्रिंग्ज, चार पियानो, चार हार्प आणि दोन तालवादक, बस्स. सॅक्सोफोनचा सेक्शन नाही. ट्रम्पेट रेंगाळत, जरा मागे राहून येतो आणि स्ट्रिंग्ज त्याला जागा देतात. जॅझ मोजून एका वाद्यात आहे, म्हणूनच तो लक्षात राहतो.

यातच एक तांत्रिक घोळही असतो. सॉफ्टवेअरमधला स्विंग ६६ टक्क्यांवर ठेवला म्हणजे जोडीतला पहिला सूर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट लांब होतो. मध्यम लयीत ते ठीक वाटतं. पण खरे ड्रमर संथ लयीत हे अंतर वाढवतात आणि लय चढली की जवळजवळ सरळ वाजवतात. टेम्पो मिनिटाला २२० ठोके असेल तर आकडा ५५ च्या आसपास आणून ऐका, लंगडणं तिथेच थांबेल.

स्ट्रिंग्ज सतत मागे पडतात

लायब्ररीतले लेगाटो (एकमेकांना जोडून वाजणारे) सूर उशिरा 'बोलतात', कधी कधी १०० मिलिसेकंदांहूनही जास्त. ड्रम्स मात्र बटण दाबताच वाजतात. सगळं ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठेक्याच्या रेषांवर) बसवूनही ठेका ढिला वाटत असेल तर स्ट्रिंग्जच्या ट्रॅकला उणे डिले द्या, म्हणजे तो थोडा आधी सुरू होईल. किती द्यायचा, ते बऱ्याच लायब्ररींच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचायचा कंटाळा करू नका.

खालच्या पट्टीत गर्दी

जॅझचा बास बोटांनी चालत असतो, त्याच पट्टीत ऑर्केस्ट्राचे डबल बास लांब सूर धरून बसतात, वर पियानोचा डावा हातही तिथेच. मग हाती येतो नुसता गदळ आवाज. बास चालतोय तोवर डबल बासना विश्रांती द्या, चेलो वरच्या सप्तकात न्या आणि पियानोवाल्याचा डावा हात मोकळा ठेवा.

सगळ्यावरच खरखर

'व्हिंटेज' म्हणून अख्ख्या मिक्सवर तबकडीची खरखर लावणं हा सध्याचा लाडका रोग आहे. ७८ आरपीएमची तबकडी मोनो होती, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, आणि खोल बास व चमकदार वरचे सूर दोन्ही कापले जायचे. हा आवाज पडद्यावरच्या ग्रामोफोनला किंवा रेडिओला शोभतो. पार्श्वसंगीत मात्र आजचं, स्वच्छ आणि रुंदच राहू द्या. नायक-नायिका नाचायला उठतात त्या क्षणी रेडिओतलं अरुंद मोनो हळूहळू उघडून पूर्ण स्टिरिओत न्या, एवढ्यानेच प्रसंग उचलला जातो.

वादकाला सगळं लिहून देणं, किंवा काहीच न देणं

मुंबईत हे गणित १९५० च्या सुमारासच सुटलं होतं. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आहे. हा मूळचा गोव्याचा अँटोनियो झेवियर वाझ. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजरही गोव्याचेच. रात्री हॉटेलात जॅझ वाजवणारे वादक दिवसा स्टुडिओत नोटेशन वाचून वाजवत. त्यामुळे दोन्ही भाषा एकाच माणसाच्या हातात असायच्या. आज तसं गृहीत धरू नका. व्हायोलिन सेक्शनला बोइंगसकट (गज कसा फिरवायचा त्याच्या खुणांसकट) नीट लिहिलेलं नोटेशन द्या, 'जरा फील आणा' म्हणून काही होत नाही. सॅक्सवाल्याला मात्र फक्त कॉर्ड आणि मूळ चाल द्या आणि दोन-तीन टेक मोकळे घ्या. त्याच्या सोलोचा सूर न् सूर लिहून दिलात तर तो परीक्षेचा पेपर सोडवल्यासारखाच वाजवणार.

'जुनं आहे, म्हणजे फुकट'

रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. भारतात रेकॉर्डिंगला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण असतं, पण चालीला संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. १९४० मध्ये निघालेलं रेकॉर्डिंग अमेरिकेत २०४० संपेपर्यंत संरक्षित आहे. फिल्म यूट्यूबवर किंवा परदेशी महोत्सवात जाणार असेल तर परवानगी घ्या, नाहीतर सरळ नवी चाल बांधा.

संवाद आणि म्यूट लावलेला ट्रम्पेट

हार्मन म्यूटचा (ट्रम्पेटच्या तोंडात बसवायच्या धातूच्या बुचाचा) चिरका आवाज नेमका तिथे टोचतो जिथे 'स', 'च', 'त' ऐकू यायला हवेत. आवाज कमी केलात तर सोलो मरतो, ठेवलात तर संवाद. एडिटरकडून संवादाचा ट्रॅक आधीच मागून घ्या आणि सोलोचे तुकडे वाक्यांच्या मधल्या जागांत बसवा. पात्र बोलत असताना खाली फक्त स्ट्रिंग्ज आणि ब्रशवरचे ड्रम्स राहू द्या.