केमो चालू असताना लेकराला ताप आला तर

मुंबईत कॅन्सरवरची केमो (केमोथेरपीची औषधं) घेऊन लेकराला सांगलीला घरी आणलं की सगळ्यात जास्त सांभाळायचं ते तापाला. केमोनं रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून साधा वाटणारा तापही काही तासांत जिवावर बेतू शकतो. थर्मामीटरवर 100.4 किंवा जास्त दिसलं, नाहीतर नुसतं थंडी वाजून कापरं भरलं, तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात निघायचं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल पाजून ताप दाबायचा नाही. सांगली-मिरजेत कुठल्या दवाखान्यात रात्री शिरेतून अँटिबायोटिक लगेच चालू करतात ते आधीच विचारून ठेवा. फाईल, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट, चार्जर, सगळं एका पिशवीत दाराशीच. सर्दी-खोकलावाल्या पाहुण्यांना सरळ नाही म्हणा, मावशी रुसली तरी चालेल. आणि हो, रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्याला तिकिटात सवलत असते, हॉस्पिटलमधून फॉर्म भरून घ्या.