जुन्या ४०७ ला घरी टर्बो बसवताना: आधी ऑइलचा रस्ता, मग हवेचा

चोर्ला घाटातून नारळ भरून बेळगावच्या वाटेला लागलेली जुनी टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, ज्याने चालवलीय त्याला टर्बो कशाला हवा हे समजावून सांगायला नको. केरी सोडलं की दुसरा गिअर, वळण, परत दुसरा, मागे बसवाला हॉर्न मारून मारून दमलेला, आणि आपल्या सायलेन्सरातून काळा धूर. माझी गाडी तशीच होती, आता बराचसा घाट तिसऱ्यावर काढते. काम घरीच केलं, डिचोलीत मागच्या अंगणात, मे महिन्यात सुरू केलं आणि पहिला पाऊस पडला तेव्हा संपलं, म्हणजे वेळेचा अंदाज घ्या. दोन दिवसांत होतं म्हणणारे भेटतील, त्यांना आधी विचारा की स्वतःच्या गाडीवर केलंय का.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरणारा पंखा, त्याच शाफ्टवरचा दुसरा पंखा इंजिनात जास्त हवा दाबतो, आणि त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. टर्बो म्हटलं की सगळे बूस्टचं बोलतात, किती बार, किती पिकअप. पण घरी केलेलं काम फसतं ते ऑइलमुळे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, ऑइल आत गेलं नाही तर थोड्या वेळात खलास, आणि आत गेलेलं नीट बाहेर आलं नाही तर सीलातून गळून इंजिनात नाहीतर सायलेन्सरात जातं. म्हणून खाली मी बूस्टपेक्षा नळ्यांवरच जास्त बोललोय.

कागदांचं आधी उरकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीवरच्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८२अ खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून सामान घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीकडूनही लेखी घ्या, नंतर क्लेमच्या वेळी कोण काय बोललं ते कामाला येत नाही. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा काळेपणा मोजायचं माप) आहे, ती टर्बो लावला म्हणून वाढत नाही.

आता इंजिन. माझ्या गाडीत ४९७ एसपी आहे, नावातच हिशेब आहे, चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, स्ट्रोक १०० चा, म्हणून २९५६ सीसी. टर्बो म्हणजे थकलेल्या इंजिनाला टॉनिक नव्हे हो, थकलेलं इंजिन त्याने लवकर बसतं. गाडी गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, तिथून भकाभक धूर मारत असेल तर पिस्टन-रिंग गेल्या, आधी ते काम. नोझल काढून कॉम्प्रेशन मोजून घ्या, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ हवेत, तीन बारपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. क्लचही बघा, आत्ताच घसरत असेल तर टर्बोनंतर पहिल्याच चढावर हात टेकेल.

आणि डिझेलचा पंप बघा, हे फार जण विसरतात. काही जुन्या पंपांना हवेवर चालणारा गव्हर्नर असतो, पंपाच्या मागे डायफ्रामचा डबा आणि तिथून इंटेककडे जाणारी बारीक नळी. तो इंटेकमधल्या व्हॅक्युमवर इंजिनाची गती सांभाळतो. टर्बो लावला की व्हॅक्युमच्या जागी प्रेशर येतं, गव्हर्नरला वाटतं गाडी हळू चाललीय आणि तो डिझेल वाढवत सुटतो. असा पंप असेल तर आधी मेकॅनिकल गव्हर्नरचा पंप बसवा, नाहीतर नाद सोडा. माझा लाइन पंप मेकॅनिकल निघाला, नशीब.

टर्बो कुठला घ्यायचा? मोठा नको. तीन लिटरचं इंजिन २८०० आरपीएमला, अर्धा बार बूस्ट धरून, मिनिटाला साधारण पाच-साडेपाच किलो हवा ओढतं, तेवढी आरामात देणारा छोटा टर्बो हवा, म्हणजे अडीच-तीन लिटरच्या डिझेल पिकअपवर येतो तसा. फक्त नवीन पिकअपचा कॉम्प्युटरवर चालणारा व्हेरिएबल टर्बो घेऊ नका, स्वस्त मिळतो पण त्याची पाती हलवायला आपल्याकडे काहीच नाही. साधा, वेस्टगेटवाला घ्या, म्हणजे बूस्ट ठरलेल्या मर्यादेला पोचला की जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप असलेला. सेकंडहँड असेल तर शाफ्ट बोटांनी धरून पुढे-मागे ओढा, तो खेळ हाताला जाणवताच कामा नये, वर-खाली किंचित असतो तो चालतो पण पंखा बॉडीला घासता कामा नये. वेस्टगेटचा ॲक्चुएटर, म्हणजे ती झडप उघडणारा डबा, मी मीटरवाल्या पायपंपाने तपासला, हळूहळू हवा मारायची आणि रॉड कुठल्या प्रेशरला हलतो ते बघायचं. अर्ध्या बारच्या आसपास हलला पाहिजे. त्याच्या वर जाऊ नका, बिनटर्बोच्या इंजिनात पिस्टनच्या खाली ऑइल मारणारे जेट नसतात, कॉम्प्रेशनही आधीच जास्त असतं, त्यामुळे उष्णता जायला जागा नाही.

काम सुरू करताना गाडी सपाट जागी, बॅटरी काढलेली, टायरला लाकडी ठोकळे. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात म्हणून कोणी तेच चासीखाली लावतो, कृपा करून नको, चिरा वजनाने कधी फुटेल सांगता येत नाही आणि खाली आपण असतो. लोखंडी घोडीच लावा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट आपल्या हवेत गंजून एकजीव झालेले असतात. दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारत राहा, तरी नाही सुटला तर गॅसने नट गरम करा, जोर लावून स्टड हेडात तोडू नका, तो काढायला गेलं की अर्धा दिवस आणि डोकं दोन्ही जातं. मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मध्ये बसणारी फ्लॅंज मी लेथवाल्याकडून १२ मिलिमीटरच्या एमएस प्लेटची करून घेतली, वेल्डिंगनंतर ती वाकते म्हणून परत फेस मारून घ्यायची, पोलादी पट्टी ठेवून उजेड दिसतो का बघायचं. मॅनिफोल्ड बाहेर आहे तोवरच त्याला टेंपरेचरच्या प्रोबसाठी भोक पाडून आटे मारून घ्या, इंजिनावर असताना पाडलं तर चुरा थेट टर्बोच्या पात्यांवर. टर्बोचं वजन नुसत्या मॅनिफोल्डवर लटकवू नका, ब्लॉकवरून एक ब्रॅकेट द्या, आणि सायलेन्सर पाइपात जाळीचा लवचिक तुकडा टाका, नाहीतर इंजिन हललं की मॅनिफोल्डला तडा.

आता ऑइल. आत जाणारी नळी सोपी आहे, ऑइल प्रेशरचा स्विच जिथे असतो तिथे टी लावून घ्यायची, चार मिलिमीटरच्या आसपास आतला व्यास, जाळी गुंडाळलेला चांगला होज, एक्झॉस्टपासून लांब. टेफ्लॉन टेप आटीवर वापरू नका, तिचा तुकडा सुटून टर्बोच्या भोकात अडकला की झालं.

बाहेर येणारी नळी हा खरा विषय आणि इथेच मी आपटलो. बेअरिंगमधून बाहेर पडताना ऑइलला प्रेशर राहत नाही, ते फेसाळलेलं असतं आणि फक्त उतारावरून घरंगळत चेंबरात, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, जातं. म्हणून नळी जाड हवी, आतून १६ ते १९ मिलिमीटर, सगळीकडे खाली उतरणारी, काटकोनातलं वळण नाही, आणि चेंबरात शिरते ती जागा ऑइलच्या पातळीच्या वर. टर्बोचं ड्रेनचं तोंडही सरळ खाली हवं, फार तर १५ अंश इकडेतिकडे. मी काय केलं, चेंबर उतरवायचा कंटाळा म्हणून एका ओळखीच्या मिस्त्रीचं ऐकून नळी जवळजवळ आडवी नेली आणि ब्लॉकच्या बाजूच्या एका जुन्या भोकात घातली. गाडी चालू केली, दहा मिनिटं छान, मग सायलेन्सरातून निळा धूर, असा की शेजारची काकू विचारायला आली चूल पेटवलीय का. मला वाटलं टर्बो गेला. काढला, रिपेअरवाल्याकडे पाठवला, त्याने सांगितलं सील ठीक आहेत, आणि तपासायचे पैसे घेतले ते वेगळे. मग शेवटी चेंबर उतरवलाच, वरच्या कडेजवळ पाइपाचा तुकडा वेल्ड केला, नळी सरळ खाली सोडली, धूर बंद. टर्बो तोच. आणि चेंबर उतरवूनच भोक पाडा, जागेवर ड्रिल मारून ग्रीसने चुरा पकडता येतो असं सांगतात, एक कण जरी ऑइल पंपात गेला तरी कुठल्या बेअरिंगला चरा पडेल ते देवालाच ठाऊक.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या आतला वाफारा बाहेर सोडणारी, नळीही मोकळी आहे ना बघा, चेंबरात प्रेशर साठलं तर ड्रेन कितीही चांगला असला तरी ऑइल खाली उतरत नाही.

हवेची बाजू त्यामानाने सरळ. जुना ऑइलबाथ फिल्टर काढून मोठा कागदी फिल्टर लावा, ऑइलबाथमधलं तेल जास्त ओढीला वर येऊ शकतं. फिल्टर आणि टर्बोमधल्या जोडाला एकही फट नको, आपली तांबडी धूळ कंप्रेसरची पाती सँडपेपरसारखी झिजवते. टर्बोतून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या टोकांना मणी (होज निसटू नये म्हणून कडेचा उंचवटा) काढून घ्या, सिलिकॉनचा होज, टी-बोल्टचे क्लॅंप. इंटरकूलर मी लावला नाही. अर्ध्या बारला ३० अंशाची हवा ८५-९० पर्यंत तापते, एवढ्याला चालतं. जोडून झालं की टर्बोच्या तोंडाला बूच लावून थोडं प्रेशर भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी, पंक्चरवाल्यासारखं. टर्बाइनजवळची वायर, ब्रेक पाइप, डिझेल पाइप सगळं दूर सरकवा आणि मध्ये पत्रा लावा.

पहिला स्टार्ट. नवीन ऑइल आणि फिल्टर, टर्बोच्या ऑइलच्या तोंडातून थोडं ऑइल ओतून पंखा हाताने फिरवून घ्यायचा. मग नळी जोडून स्टॉप केबल ओढून धरायची आणि सेल्फ मारायचा, दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच चालू करा आणि काही मिनिटं नुसतं आयडल, रेस नाही.

यावेळी एक माणूस इंजिनाजवळ जाड सपाट फळी घेऊन उभा पाहिजे. सील चुकून गळलं तर डिझेल इंजिन स्वतःचं ऑइल जाळून वाढत जातं, चावी काढली, केबल ओढली तरी थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीने दाबून बंद करायचं, हाताने किंवा फडक्याने अजिबात नाही, ओढ भयंकर असते. म्हणून पहिल्या स्टार्टला इंटेकचं तोंड मोकळं आणि हाताशी ठेवा, फिल्टर नंतर बसवा. फायर एक्स्टिंग्विशरही जवळ असू दे.

डिझेल लगेच वाढवू नका. नुसता टर्बो लावला तरी हवा जास्त मिळते, धूर कमी होतो, थोडा पिकअपही येतो. मी एक महिना तसाच चालवला आणि मग पंप काढून कॅलिब्रेशनवाल्याकडे नेला, बेंचवर चारही सिलिंडरचं डिझेल सारखं करून थोडंसंच वाढवलं. अंगणात बसून पंपाचा स्क्रू अंदाजाने फिरवणारे आहेत, त्यांच्या पिस्टनला भोकं पडलेली मी बघितलीत. डॅशवर दोन मीटर लागतातच, बूस्टचा आणि एक्झॉस्ट टेंपरेचरचा. टर्बोच्या आधीचं टेंपरेचर ६५० च्या वर गेलं की मी पाय उचलतो आणि एक गिअर खाली घेतो, ७०० दिसू द्यायचं नाही. रिकाम्या गाडीत हे कळत नाही, त्यामुळे खरी तपासणी घाटातच, भरलेली गाडी, दुपारच्या उन्हात, शेजारी मीटर वाचायला कोणीतरी.

पहिल्या दोन-तीन वेळा गाडी पूर्ण तापून थंड झाली की मॅनिफोल्डचे नट परत आवळा, सैल झालेले सापडतील. १०० किलोमीटरनंतर क्लॅंप आणि ऑइलचे सांधे हात फिरवून बघा, ५०० ला ऑइल बदला, नंतर पूर्वीपेक्षा लवकर बदलत जा. चढ संपवून चोर्ल्याला चहाला थांबलात तर उतरायच्या आधी दीड-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, लगेच बंद केलं की तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागेवर जळून कोळसा होतं. आमचा क्लीनर आधी यावर हसायचा, आता तोच चावीला हात लावू देत नाही.