घरांची हलाखी मोजायची तर गाव नको, वस्ती धरा

समाजकार्य, भूगोल, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकून मराठवाड्यात राहणीमानाच्या सर्वेक्षणाचं काम करू पाहणाऱ्यांची पहिली अडचण एकच असते: आकडे भरपूर, पण आपल्याला हव्या त्या जागेचे नाहीत. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावर बेतलेला आहे आणि त्या सर्वेक्षणाचा नमुना जिल्ह्यापर्यंतच पुरतो. त्यातून बीड जिल्ह्याचा आकडा मिळेल, एखाद्या तांड्याचा मिळणार नाही. गावनिहाय आणि शहरात वॉर्डनिहाय माहिती 2011 च्या जनगणनेच्या घरयादीत आहे, पण ती घरयादी 2010 साली झाली. नंतर शौचालयं बांधली गेली, 2016 पासून उज्ज्वलाचा गॅस आला, घरकुलं झाली. म्हणून ती पाया म्हणून वापरा, आजचं चित्र म्हणून नको.

मोजायचं एकक आधी ठरवा. समजा गावात 300 घरं आहेत, 260 गावठाणात आणि 40 तांड्यावर. गावठाणातली 10 टक्के घरं हलाखीत आहेत आणि तांड्यावरची 75 टक्के. सगळं एकत्र केलं की गावाचा आकडा येतो सुमारे 19 टक्के. एवढ्या आकड्यावर ते गाव कुणाच्याच यादीत वर येणार नाही. त्यामुळे गावठाण, तांडा, पारधी वस्ती, शेतवस्ती, वीटभट्टीवरची पालं हे सगळं वेगळं नोंदवा. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8, म्हणजे घरांची नोंदवही, मागून घ्या. करआकारणीसाठी त्यात बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ असतं. मात्र ज्यांच्या घराची नोंदच नाही ते त्यात सापडत नाहीत, आणि बहुतेक वेळा सर्वांत वाईट घरं त्यांचीच असतात. नोंदवही हातात धरून वस्तीत एक फेरी मारा आणि सुटलेली घरं हाताने काढलेल्या नकाशावर घ्या.

आता कच्चं-पक्कं. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर. जनगणनेच्या वर्गीकरणात पत्रा हे कायमस्वरूपी साहित्य आहे. चारही बाजूंनी पत्रा आणि वर पत्रा अशी दहा बाय दहाची खोली कागदावर पक्की ठरते. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की दुपारी त्या खोलीत तान्हं लेकरू ठेवता येत नाही. उलट दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंतींचं, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर) असलेलं जुनं घर थंड असतं, पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात माणसं गाडली गेली ती अशाच भिंतींखाली. म्हणजे एका घरात उष्णतेचा धोका, दुसऱ्यात कोसळण्याचा. दोन्हीसाठी एकच रकाना ठेवला तर दोन्ही धोके दिसेनासे होतात. छप्पर, भिंत आणि जमीन वेगवेगळी नोंदवा. पत्र्याखाली छत किंवा पाचटाचा थर आहे का ते बघा. भिंतीला आरपार तडा आहे का, कोपरा सुटलाय का, माळवद गळतं का, हेही लिहा.

खोल्या मोजताना व्याख्या पक्की हवी. किमान 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 2 मीटर उंच असेल तरच ती राहण्याची खोली. फक्त स्वयंपाकासाठीची जागा, ओसरी, न्हाणी धरायची नाही. ‘तुमच्या घरात किती जण?’ असं विचारू नका. ‘एका चुलीवर किती जण जेवतात?’ आणि ‘काल रात्री कोण कुठं झोपलं?’ हे दोन प्रश्न विचारा. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात अत्यल्पभूधारक आणि भूमिहीनांना 250 चौरस फुटांची घरं मिळाली. पुढे मुलांची लग्नं झाली की पुढच्या अंगणात पत्र्याची खोली निघाली. घर एक आणि चुली तीन, असं चित्र तिथे दिसतं. खोलीमागे तीनपेक्षा जास्त माणसं ही संयुक्त राष्ट्रांच्या मानव वसाहत कार्यक्रमाची दाटीची रेषा आहे. ती वापरली की बाहेरच्या आकड्यांशी तुलना करता येते.

‘आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘आहे’ असंच येतं. शौचालय बघू द्या म्हणा. आत बादली-मग दिसतो की गोवऱ्या आणि सरपण, यावर नोंद ठरवा. गॅस असेल तर गेल्या सहा महिन्यांत किती टाक्या भरल्या ते विचारा. दारात पऱ्हाट्या-तुराट्यांची गंजी असेल आणि भिंत काजळलेली असेल तर रोजचा स्वयंपाक चुलीवरच होतो. नळ असेल तर ‘गेल्या मे महिन्यात पाणी कुठून आणलं?’ हा प्रश्न चुकवू नका. ज्या भागात 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे नोव्हेंबरात विचारलेल्या पाण्याच्या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

वेळ चुकली तर माणसंच हाती लागत नाहीत. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. जानेवारीत गेलात तर बीड, जालना, परभणीतल्या कित्येक वस्त्यांवर कुलपं आणि म्हातारी माणसं भेटतील. बंद घर वगळलं की नेमकी गरिबी वगळली जाते. त्याला वेगळा कोड द्या, शेजारी विचारा, जून-जुलैत पुन्हा जा.

वस्ती 100 घरांपर्यंत असेल तर नमुना काढूच नका, सगळी घरं करा. मोठ्या वॉर्डात 30 घरांवर टक्केवारी काढली तर ती 18 अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते. 100 घरं घेतली तर 10 अंकांनी. अशा आकड्यांवर वॉर्डांचा पहिला-दुसरा क्रमांक लावणं चूक आहे. ‘जास्त, मध्यम, कमी’ असे तीन गट पुरेत.

बेरजेची रीत सोपी ठेवा. छप्पर-भिंत, दाटी, पाणी, शौचालय, इंधन, सांडपाणी असे सहा निकष घ्या. तीन किंवा जास्त उणे तर घर हलाखीत. 60 पैकी 24 घरं अशी निघाली तर प्रमाण 40 टक्के. या 24 घरांत सरासरी चार निकष उणे असतील तर तीव्रता, म्हणजे सहापैकी चार, 67 टक्के. दोन्हींचा गुणाकार 0.27. नुसतं प्रमाण सांगितलं तर तीन उणिवांचं घर आणि सहा उणिवांचं घर सारखंच दिसतं, म्हणून गुणाकार. पुढे एखाद्या निकषाचं वजन दुप्पट करून बघा. वस्तीचा गट बदलला तर अहवालात तसं स्पष्ट लिहा.

जुने-नवे तक्ते जोडताना नावावर विसंबू नका. पिंपळगाव, वडगाव, बुद्रुक, खुर्द यांत हमखास घोळ होतो आणि जुन्या तक्त्यांत औरंगाबाद, उस्मानाबाद हीच नावं आहेत. जनगणनेच्या गावकोडनेच जोडा.

फॉर्म दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘सायेब, घरकुल भेटंल का?’ तिथेच सांगा, ही घरकुलाची यादी नाही. गोलगोल बोललात तर पुढची सगळी उत्तरं त्या आशेने झुकतात, आणि लोकांची फसवणूक होते ती वेगळीच. नकाशा प्रसिद्ध करताना दहापेक्षा कमी घरांच्या वस्तीचे ठिपके काढून टाका, नाहीतर कोणाच्या घरात काय नाही ते साऱ्या तालुक्याला कळतं. आकडे ग्रामसभेत आधी वाचून दाखवा. सुटलेली शेतवस्ती किंवा दोनदा मोजलेलं घर तिथे लगेच सापडतं, आणि अहवाल जिल्ह्याला जाण्याआधी दुरुस्त करता येतं.