चिऊचं मेणाचं घर खिडकीत

चिऊ-काऊची गोष्ट ऐकताना पाच वर्षांची लेक म्हणाली, "आई, मेणाच्या घरातून ऊन आत येत असेल ना?" मग ते घर करून खिडकीत टांगायचं ठरलं. मी अप्पा बळवंत चौकातून रंगीत जिलेटिन पेपर आणि काळं कार्डशीट आणलं.

पहिला प्रयत्न पार फसला. दुसऱ्या दिवशीही गोंद ओलाच, तुकडे घसरून खाली आलेले, लेक रडवेली. मला फार वाईट वाटलं.

चूक कागदात होती. जिलेटिन पेपर पाणी शोषत नाही, त्यामुळे पांढऱ्या गोंदातलं पाणी दोन थरांत अडकून राहतं. मग पतंगाचा पातळ कागद घेतला. कात्री नकोच, लेकीनं हातानंच फाडला. जुन्या पारदर्शक फाइलच्या प्लास्टिकवर निम्मं पाणी घातलेल्या गोंदाचा हात फिरवला, तुकडे थोडे एकमेकांवर चढवून चिकटवले आणि वरून पुन्हा गोंद. पिवळ्यावर निळा आला तिथं हिरवा दिसला, त्याचं तिला कोण अप्रूप! रात्रभरात वाळलं आणि सकाळी अख्खा पापुद्रा अलगद सुटला. घराची चौकट मी कटरनं कापली; पट्टी बोटभर तरी रुंद ठेवा, नाहीतर फाटते.

आमची खिडकी पूर्वेची. आठच्या उन्हात फरशीवर पिवळा कवडसा पडला. लेक त्यावर तळहात ठेवून बसली आणि हळूच म्हणाली, "चिऊताई, चिऊताई, दार उघड."