पूर्णेचं खोरं स्वतः कसं समजून घ्यायचं (पहिले विहिरीचं पाणी चाखा)

पोरांना शाळेत 'आपली नदी' असा प्रोजेक्ट मिळाला का बापाचा मोबाईल निघतो, उगम कुठं, संगम कुठं, लांबी किती, उतरवून घेतलं का झालं. माझ्या पोरीचंही तेच चाललं होतं, म्हटलं ठेव तो मोबाईल, आपली वऱ्हाडातली पूर्णा आपण जाऊन पाहू. तीन-चार रविवार गेले पण मजा आली. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, भर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या पट्ट्यात, त्यामुळे मी तिथून सांगतो, तुम्ही आपापल्या गावापासून सुरू करा.

उगमापासून सुरू नका करू, पहिले पाणी चाखा. विहिरीचं, बोरचं आणि नळाचं, तिन्ही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) मिळाला तर आणखी चांगलं, पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत ठीक धरतात आणि दुसरं पाणीच नसलं तर २००० ही शेवटची हद्द, आमच्या जुन्या विहिरीत मीटर बुडवला तर तो २००० च्या पार पुढे. मग त्याच दिवशी गाडी काढा आणि उत्तरेला अंजनगाव-अकोटकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी जा. तिथं पाणी गोड लागतं, संत्र्याचे बगीचे दिसतात, अंजनगावकडं पानमळे, आणि नाल्यात हे मोठमोठे गोटे. तासाभराच्या रस्त्यात पाणी एवढं कसं बदललं, हा प्रश्न पडला का निम्मा भूगोल झाला समजा.

उत्तर असं की हे खोरं म्हणजे खचलेली जमीन आहे. गाविलगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्यानं मोठा भ्रंश, म्हणजे जमीन तुटून सरकली ती भेग, जातो, त्याच्या उत्तरेला सातपुडा उंच राहिला आणि दक्षिणेची बाजू खाली गेली, मग तो खड्डा नद्यांनी गाळानं भरत आणला, काही ठिकाणी हा गाळ ३०० मीटरपेक्षा जास्त जाड आहे. डोंगराजवळ गोटे-रेती पडली, तिथं पावसाचं पाणी लवकर मुरतं. मधात बारीक चिकणमाती, तिच्यातून पाणी लय सावकाश सरकतं, त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत, तिथंच बसतात. आमच्याकडं म्हणतात इथं समुद्र होता, पण नुसतं तेवढं सांगून भागत नाही, पाणी निघून का गेलं नाही ते पाहा.

आता नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून टोपोशीट (नद्या-डोंगर-उंची दाखवणारा नकाशा) घ्या आणि दोन रंगांचे पेन. उत्तरेकडून येणाऱ्या चंद्रभागा, शहानूर, वान एका रंगात, दक्षिणेच्या काटेपूर्णा, मोर्णा, मन दुसऱ्या रंगात. पूर्णा मध्य प्रदेशात भैसदेहीजवळ निघते आणि चांगदेवला तापीला मिळते, म्हणजे आपलं पाणी अरबी समुद्रात. पण अमरावतीच्या पूर्वेला पडलेला पाऊस वर्धा नदीत जातो, तिथून गोदावरी, मग बंगालचा उपसागर! ती दोन्ही पाणी वेगळी करणारी रेघ नकाशावर स्वतः काढा, पोरीला हेच सगळ्यात जास्त आवडलं.

काठावर दिवाळीनंतरच जा, आणि एकटं नाही. कापलेल्या कडेला वर काळी माती, खाली पिवळट गाळ, मधात चुनखडीचे खडे दिसतात. कडेच्या एकदम टोकावर उभं राहू नका, ती ढासळते, माझी एक चप्पल अजून पूर्णेतच आहे.

इतिहासासाठी जुनी गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारची मुलुखाच्या माहितीची पुस्तकं, पाहा, वऱ्हाडचं १८७० चं लायल साहेबाचं आहे. त्यात ह्या सपाट मुलुखाला पायनघाट म्हटलेलं सापडेल. १८०३ चा एक महिना तर ह्याच खोऱ्यात गेला, २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड इंग्रजांनी घेतला, १७ ला भोसल्यांशी देवगावचा तह, ३० ला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. पण साहेबांचं लक्ष कापूस आन् शेतसाऱ्यावर, ते वाचताना ध्यानात ठेवा. म्हणून पूर्णेकाठी ऋणमोचनच्या घाटावर जा, गाडगेबाबांनी तिथं केलेलं काम पाहा, बाबा गेले तेही २० डिसेंबर १९५६ ला वलगावला, पेढी नदीच्या काठी. श्रावणात गांधीग्रामला जमलं तर कावडवाले पाहा, पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याला राजेश्वराला नेतात.

आणि म्हाताऱ्या बायांना विचाराच, हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं. गोडं पाणी कुठून आणायचा, किती खेपा, पावसाचं पाणी कशात साठवायचा. वान धरणाचं पाणी ८४ खेडी योजनेतून अकोटकडच्या गावांना आलं त्याच्या आधीच्या गोष्टी त्यांच्याकडंच आहेत. माझी मोठी आई एवढंच म्हणाली, "खाऱ्या पान्यात दाय शिजे नाही बाप्पा, पाव्हना आला का पयले पान्याचा घोर, मंग चाहाचा." पोरीनं ते वहीत जसंच्या तसं लिहिलं, आन् खाली मीटरचा आकडा.