अंगठीतल्या हिऱ्याचा भाव सुटा करून बघा

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, हिऱ्याची अंगठी बघितली की किंमत एकगठ्ठा सांगतात. त्यात सोनं किती, मजुरी किती, हिरा किती, पत्ता लागत नाही. मग नैसर्गिक आणि लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याची तुलना करायची कशी?

१. सोन्याचं निव्वळ वजन, मजुरी आणि हिऱ्याचं वजन कागदावर लिहून घ्या.
२. एकूण रकमेला १.०३ ने भागा. ३ टक्के जीएसटी निघाला.
३. त्यातून सोनं आणि मजुरी वजा करा. हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेटची असते, तेव्हा २४ कॅरेटच्या भावाचे ७५ टक्केच धरायचे. इथंच जास्त घोळ होतो, कारण आपल्या डोक्यात २२ चा भाव पक्का बसलेला असतो.
४. उरलेल्याला हिऱ्याच्या कॅरेटनं भागा. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन, सोन्यासारखी शुद्धता नव्हे; १०० सेंटचं एक कॅरेट. ३० सेंटचा हिरा ४५,००० ला पडत असेल, तर भाव झाला कॅरेटला दीड लाख.

आता त्याच वजनाचा, रंगाचा, शुद्धतेचा आणि कटचा सुटा हिरा ऑनलाइन बघा, नैसर्गिक आणि लॅबचा, दोन्ही. वजन तेच हवं. दहा-दहा सेंटचे दहा खडे एका कॅरेटच्या खड्यापेक्षा बरेच स्वस्त असतात.

दुकानदार हिरा तपासायचं टेस्टर पेन लावून ‘बघा, वाजला!’ म्हणाले तर भुलू नका. लॅबचा हिराही कार्बनचाच, साधं पेन त्यालाही वाजतं. प्रमाणपत्र मागा, आणि हिऱ्याच्या कडेवर नंबर कोरलेला असेल तर भिंगातून जुळवून घ्या. लॅबचा असेल तर परत घ्यायचा दरही बिलावरच लिहून घ्या.