कॅम्पिंगसाठी कॉट घेताय? आधी या चुका टाळा

थंडी पडायला लागली की ठाणे, ऐरोली, खारघरकडचे कितीतरी ग्रुप पवना नाहीतर भंडारदऱ्याला टेंट लावायला निघतात, आणि मग आदल्या आठवड्यात घाईघाईत फोल्डिंग कॉट मागवली जाते, तीही फक्त "१५० किलो कॅपॅसिटी" एवढं वाचून. सगळ्यात मोठी चूक हीच. हा आकडा तुम्ही सरळ आडवे झोपलेले असताना, वजन सगळीकडे पसरलेलं असताना खरा. सकाळी बूट घालायला कडेवर बसलात की सगळा भार एकाच पाइपवर आणि त्याच्या जॉइंटवर येतो, आणि कॉट मोडते ती बहुतेक तिथेच. म्हणून जॉइंट बघा. पाय जिथे एकमेकांना क्रॉस होतात तिथे प्लास्टिक आहे की धातू, रिव्हेट ढिला आहे का, हे हात लावून तपासा, आणि दुकानात असाल तर बिनधास्त कडेवर बसून बघा.

लांबीकडे कोणी बघतच नाही. बऱ्याच कॉट १९० सेंटीमीटरच्या आसपास असतात, त्यात उशी आली, मग उंच माणसाच्या टाचा शेवटच्या दांडीवर येतात आणि रात्रभर टोचत राहतं. अंगाने भरलेले असाल तर रुंदी ७० सेंमीच्या खाली नको, कूस बदलली की खांदा पाइपला लागतो.

बजेट कमी असेल तर स्टीलची घ्या, जड असते पण गाडीने जाणाऱ्याला काय फरक पडतो. लोकलने कसारा गाठून पुढे जीपने जाणार असाल तर मात्र ॲल्युमिनियमच. काशिद-अलिबागच्या खाऱ्या हवेत स्टीलला गंज लवकर धरतो, हेही धरून चला. कप होल्डर, साइड पॉकेट असल्या गोष्टींना जास्तीचे पैसे देऊ नका, ते जाड कापडाला द्या.

आणि प्लीज, कॉटवर झोपलं की थंडी वाजत नाही असं समजू नका! उलट खालून वारा फिरतो, स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग दबलेला असतो त्यामुळे तिथे ऊब राहत नाही, आणि पहाटे कंबर गारठते. कॉटवर अंगाखाली फोमची मॅट टाका, नाहीतर घरची जाड गोधडी, मस्त काम होतं.

कॉट जोडताना शेवटची आडवी दांडी बसत नाही म्हणून हातोडी मारू नका. नवीन कापड घट्टच असतं, एक टोक अडकवून दुसरं पायाने रेटा, आणि ट्रिपच्या आधी एक रात्र घरीच लावून ठेवा, कापड थोडं सैल होतं. करकर आवाज येत असेल तर जॉइंटला मेणबत्तीचं मेण घासा. मऊ मातीत पाय रुतत असतील तर खाली प्लायवूडचे तुकडे ठेवा, टेंटचा तळही फाटत नाही. आणि परत आल्यावर दमट कॉट तशीच बॅगेत कोंबून माळ्यावर टाकू नका, आपल्याकडच्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही, आधी पंख्याखाली पूर्ण सुकवा.